तात्या वर्षातून दोनदा जायचे

गेलेल्या माणसाने माझ्याशी कधी भांडण काढलं नाही. भांडायला यायचे ते मागे राहिलेले, आणि यायचे ते सकाळी दहाच्या आत, हातात वर्तमानपत्राची घडी घेऊन. घडी कशी धरली आहे त्यावरून मला लांबूनच कळायचं. काखेत असेल तर माणूस समाधानी, जादा अंक मागायला आलेला. मुठीत असेल तर आपली वाट लागली.

घाटकोपर पूर्वेला, भाजी मार्केटच्या तोंडाशी, एका शटरच्या गाळ्यात मी एकतीस वर्षं बसले. बाहेर पाटी होती, 'येथे सर्व वृत्तपत्रांसाठी छोट्या जाहिराती स्वीकारल्या जातात'. नावात बदल, हरवले-सापडले, वधू-वर असं सगळंच यायचं, पण माझ्याकडे खातं होतं स्मृतिदिनांचं. कुणी विचारलं, ''काय करता?'' की मी सांगायची, ''श्रद्धांजलीत आहे.'' समोरचा अर्धं पाऊल मागे सरकायचा. माझे यजमान मात्र लग्नाकार्यात 'आमची ही जाहिरात क्षेत्रात आहे' अशी ओळख करून द्यायचे, आणि एखादी मुलगी डोळे मोठे करून विचारायची, ''म्हणजे मॉडेल वगैरे येतात का हो तुमच्याकडे?'' येतात की. फक्त फोटोतून येतात.

ज्यांना या धंद्याची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगते. माणूस जातो तेव्हाची निधनवार्ता वेगळी. आमची जाहिरात त्यानंतर वर्षाने सुरू होते. प्रथम पुण्यस्मरण, द्वितीय पुण्यस्मरण, मग नुसताच स्मृतिदिन. वर फोटो, खाली नाव, जन्म-मृत्यूच्या तारखा, चार ओळींची कविता, आणि सगळ्यात शेवटी शोकाकुल मंडळींची यादी. लोकांना वाटतं महत्त्वाचा असतो तो फोटो. मुळीच नाही. भांडणं होतात ती खालच्या यादीवरून. कोणाचं नाव आधी, कोणाच्या सुनेला 'सौ.' लागलं, कोणाच्या सुनेचं राहिलं, जावयाला मुलाच्या वर चढवलं का. गेलेल्या माणसाला दोन बोटं जागा पुरते, पण राहिलेल्यांना पानसुद्धा अपुरं पडतं.

मजकूर ग्राहकाने फॉर्मवर स्वतःच्या हाताने लिहायचा, खाली सही करायची, हा आमचा नियम. तो फॉर्म म्हणजे आमचं चिलखत. सकाळी मुठीत घडी आली की फॉर्म काढायचा, समोर ठेवायचा आणि शांतपणे म्हणायचं, ''जसं दिलं, तसं छापलं.'' मालकांनी पहिल्या दिवशी मला शिकवलेलं वाक्य हे. नोकरी करायला दुसरं काही यावं लागत नाही असं ते म्हणायचे.

मुलुंडचे एक वामनकाका होते. बायकोच्या तिसऱ्या स्मृतिदिनाचा मजकूर त्यांनी स्वतः लिहिला. सुंदर अक्षर. दुसऱ्या दिवशी दहाच्या आत हजर, घडी मुठीत.

''अहो बाई, मारलंत तुम्ही मला! पान पाचवर!''

बघते तर यादीत पहिलंच नाव, 'कै. वामन'. फॉर्म काढला. त्यांच्याच सुंदर अक्षरात 'कै. वामन'. वर बायकोच्या नावामागे 'कै.' लावलं, त्याच भरात हात पुढे गेला आणि स्वतःलाही लावून बसला. काकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग हसायलाच लागले.

''सकाळपासून एकवीस फोन आले. साडू तर रडला हो चक्क! वीस वर्षं बोलत नव्हता.''

''मग शुद्धिपत्र देऊया का?''

''थांबा जरा. अजून पुण्याच्या मेहुण्याचा फोन यायचाय.''

फोटोंचं तर विचारू नका. जिवंतपणी कुणी स्मृतिदिनासाठी फोटो काढून ठेवत नाही. मग लग्नाच्या ग्रुपमधून माणूस कापावा लागतो. कापला तरी शेजाऱ्याचा हात खांद्यावर राहतो. एका बाईंनी सासूचा फोटो देताना मला बजावलं होतं, ''तो हात आधी काढा. माझ्या जावेचा आहे. जिवंतपणी खांदा सोडला नाही, आता तरी सोडू दे.'' एक जण मढच्या बंगल्यातल्या सहलीचा फोटो घेऊन आला. वडील स्विमिंग पूलच्या कडेला, डोक्यावर उलटी टोपी, तोंड कानापर्यंत फाकलेलं. म्हणाला, ''बाकीच्या सगळ्या फोटोंत ते ओळखू येत नाहीत. ह्यालाच जरा कमी हसवा ना.'' आम्ही टोपी काढली, पण हसू काही कमी करता आलं नाही. पान सातवर दोन धीरगंभीर आजोबांच्या मधे हा एक माणूस खदखदून हसत होता. त्या दिवशी पहिल्यांदा मला कुणाचा तरी बाप हेवा वाटण्याजोगा वाटला. हल्ली लोक आधारकार्डावरचा फोटो आणतात. त्याबद्दल मी काही बोलत नाही. त्यात जिवंत माणूसही कालच गेल्यासारखा दिसतो.

आणि कविता. त्या माझ्या. उपनगरांत माझ्याइतकी छापली गेलेली कवयित्री दुसरी नसेल, पण नाव कुठेच नाही. दोनशे पानी वहीत नंबर घालून लिहून ठेवल्या होत्या. एक ते बारा वडील, तेरा ते पंचवीस आई, पुढे पती, पत्नी, आणि शेवटची दोन पानं 'इतर'. लोक हॉटेलात मेनूकार्ड बघावं तशी वही उलटायचे. सात नंबर फार चालायचा :

अंगण तेच, तुळसही तीच,
दिवा लागतो रोज,
दार वाजता अजून वाटे,
परतून आलात आज.

रोजला आजचं यमक जुळत नाही हे मला कळतं. एकतीस वर्षांत एकाही ग्राहकाला कळलं नाही. फक्त एकदा एक मुलगा अडला. भांडुपच्या टॉवरमध्ये सोळाव्या मजल्यावर राहणारा. म्हणाला, ''मॅडम, बाकी झकास आहे, पण आमच्याकडे अंगण नाहीये ना यार. 'बाल्कनी तीच' केलं तर चालेल?'' मी म्हटलं चालेल. छापलंसुद्धा. बाल्कनी तीच, तुळसही तीच. वाचून कुणी हसलं नाही. म्हणजे चाललंच.

आता तिथी आणि तारखेचं सांगते, कारण माझी गोष्ट तिथेच अडकली आहे. स्मृतिदिन कधी धरायचा? काहींच्या घरी तारखेने, काहींच्या घरी तिथीने. दोन्ही बरोबर. तारीख जागच्या जागी राहते, तिथी दर वर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे सरकते आणि अधिक महिना आला की उडी मारून पुढे येते. म्हणून माझ्या टेबलामागे भिंतीवर मोठ्या चौकोनांचं कॅलेंडर कायम. एका काकांचे वडील अधिक महिन्यात वारले होते. त्यांनी मला निरागसपणे विचारलं, ''मग आमचा दर तीन वर्षांनी एकदाच ना?'' मी म्हटलं, ''नाही काका, एरवी निज महिन्यात. सुटका नाही.''

तर राऊळ कुटुंब. विक्रोळीचं. दत्ताराम राऊळ, म्हणजे तात्या, मूळ सावंतवाडीकडचे. गिरणीत होते, गिरणी बंद झाल्यावर वॉचमनकी केली आणि एका माघ महिन्यात गेले. त्यांना दोन मुलगे. थोरला मनोहर मुलुंडला फ्लॅट घेऊन राहिलेला, धाकटा दिलीप आईबरोबर विक्रोळीच्या खोलीत, तिथल्याच कंपनीत कामाला. प्रथम पुण्यस्मरणाची जाहिरात द्यायला मनोहर एकटा आला, कारण दिलीपची पाळी होती. मजकूर घरी आईसमोर बसून दोघांनी मिळून ठरवलेला. यादीच्या शेवटच्या तीन ओळी अशा होत्या :

मनोहर – सौ. माधवी
दिलीप – सौ. रंजना
समस्त राऊळ परिवार

त्याच्याखाली मनोहरने आपला फोन नंबर लिहिला होता. तो छापायचा नव्हता, आमच्यासाठी होता.

संध्याकाळी वर्तमानपत्राच्या ऑफिसातून फोन आला. ''बाई, राऊळांची एक ओळ जास्त होतेय. बसत नाही. कुठली काढू? पटकन सांगा, पान छपाईला सोडायचंय.'' दुसऱ्याच दिवशीचा स्मृतिदिन, तो काही थांबणार नव्हता. मी फॉर्मकडे बघितलं. 'समस्त परिवार' काढला तर कुणाचं काय बिघडणार? खालून मोजलं. खाली फोन नंबर, त्याच्यावर समस्त परिवार. मी म्हणाले, ''खालून दुसरी ओळ उडवा.''

त्यांच्या पानावर फोन नंबर नव्हताच. तिथे खालून दुसरी ओळ होती 'दिलीप – सौ. रंजना'.

सकाळी समस्त राऊळ परिवार जागच्या जागी होता आणि त्यातला सख्खा मुलगा उडाला होता.

साडेनऊलाच दिलीप आला. पाळी संपवून तसाच, कंपनीच्या कपड्यात. घडी मुठीत. मी फॉर्म खणातून अर्धा बाहेर काढला, बघितला, तर दिलीपची ओळ त्यात स्पष्ट होती. मागे मालक बसले होते. तीन आठवड्यांपूर्वीच माझ्याकडून एका वधूची जन्मतारीख चुकली होती आणि ते म्हणाले होते, ''शुभांगीताई, आता पुढची चूक घरी बसून करा.'' माझी मुलगी तेव्हा दहावीला. यजमानांची कंपनी बंद पडलेली.

मी फॉर्म खणात परत सरकवला आणि म्हणाले, ''जसं दिलं, तसं छापलं.''

''दादानेच दिलं ना?''

''हो. मनोहररावच आले होते.''

शब्द न् शब्द खरा होता, आणि सगळं मिळून खोटं. दिलीप एवढंच म्हणाला, ''बरं झालं विचारलं,'' आणि गेला.

दुपारी मनोहर आला. तो बिचारा कळवळून विचारत होता, ''अहो, दिलीपचं नाव कुठे गेलं?'' मालक तेव्हा जेवायला गेले होते, म्हणून त्याला थोडं खरं सांगितलं. पानावर जागा कमी पडली, तिकडे एक ओळ उडाली. कोणी उडवायला सांगितली ते नाही सांगितलं. मनोहर म्हणाला, ''मी समजावतो त्याला.'' तो विक्रोळीला गेला, समजावलं. दिलीप म्हणाला, ''कशाला खोटं बोलतोस? मी स्वतः काउंटरवर जाऊन विचारून आलोय.'' झालं. सख्ख्या भावापेक्षा जाहिरातवालीवर जास्त विश्वास ठेवला, हे मनोहरच्या मनाला लागलं. दादाने नाव कापलं आणि वर थापही मारली, हे दिलीपच्या मनाला लागलं.

दुसऱ्या वर्षी दिलीप वेगळी जाहिरात घेऊन आला. सतरा फेब्रुवारी, तारखेने. यादीत मनोहर नाही. चार दिवसांनी मनोहर आला. ''आमची तिथीने घ्या. माघ वद्य पंचमी. शास्त्राप्रमाणे तेच बरोबर.'' यादीत दिलीप नाही. आई दोन्हीकडे. फोटो एकच, आमच्या फाइलला असलेला. अशा तऱ्हेने तात्या दर वर्षी दोनदा जायला लागले. कधी तिथीने आधी, कधी तारखेने आधी. लोकांना वाटायचं, भावांचं तिथी-तारखेवरून फाटलंय. नातेवाईक दोन्ही बाजूंनी शास्त्र सांगायचे. एका भटजींनी तर मनोहरला पाठिंबा म्हणून दोन पानी पत्र दिलं. मला एकटीला ठाऊक होतं की ह्यात शास्त्र कुठेच नाही, फक्त मला खालून मोजता आलं नव्हतं.

तुम्ही म्हणाल, मग सांगितलं का नाही? पहिलं वर्ष नोकरीच्या भीतीने गेलं. दुसरं लाजेने. त्यानंतर वेळ निघून गेली असं मी स्वतःला सांगत राहिले, आणि हे वाक्यही 'जसं दिलं, तसं छापलं'इतकंच सोयीचं निघालं. जुने फॉर्म वर्षभराने रद्दीत जायचे. तो एक मात्र मी खणाच्या तळाला घातलेल्या कागदाखाली ठेवून दिला होता. दाखवायचा धीर नव्हता आणि फाडायचाही नव्हता.

सगळ्यात वाईट म्हणजे दिलीप माझा आदर करायचा. गावच्या जत्रेहून परतला की दर वर्षी गूळ लावलेल्या मालवणी खाज्याची पुडी आणून टेबलावर ठेवायचा. ''मॅडम, तुम्ही होता म्हणून मला खरं कळलं. नाहीतर आयुष्यभर येडा बनलो असतो.'' खाजं मला भयंकर आवडतं. राऊळांच्या पुडीतलं मात्र मी शेजारच्या झेरॉक्सवाल्याला देऊन टाकायची. त्याचं वजन माझ्यामुळे वाढलं, हाही एक अपराध लिहून ठेवते.

यंदा जानेवारी अखेरीला मनोहर फॉर्म भरून गेला. एकोणिसावा स्मृतिदिन, माघ वद्य पंचमी. सवयीने कॅलेंडरकडे वळले, चौकोन शोधला. सतरा फेब्रुवारी. मला वाटलं चुकीचं बघतेय. पुन्हा बघितलं. मग शेजारच्या गाळ्यातल्या पंचांगवाल्या गुरुजींना विचारलं. ते म्हणाले, ''होणारच. एकोणीस वर्षांनी तिथी फिरून तारखेवर येते. चंद्रसूर्याचा हिशेब आहे तो, त्यात आपलं काय?''

दुसऱ्या दिवशी दिलीपचा फोन, ''मॅडम, आपली सतरा तारीख. नेहमीसारखी.''

एकाच दिवशी, एकाच पानावर, एकाच फोटोच्या दोन चौकटी. वर एकच माणूस, खाली दोन घरं. आख्खं विक्रोळी हसलं असतं. मी निवृत्त व्हायला दोन महिने राहिले होते. विचार केला, एक जाहिरात पान चारवर टाकू, दुसरी आठवर. करता आलं असतं. हात फोनकडे गेलाही होता.

आणि त्याच दुपारी एक रिक्षा दारात थांबली. आतून काठी उतरली, मग पंच्याऐंशीच्या घरातली एक बारकी म्हातारी. मी तिला कधी पाहिलं नव्हतं, पण अठरा वर्षं दर वर्षी दोनदा तिचं नाव तपासत आले होते. श्रीमती पार्वती दत्ताराम राऊळ.

''शुभांगी ती तूच मा गे?'' खुर्चीत बसत तिने विचारलं. ''माझे झील माझ्या घोवाक वर्साक दोनदा मारतत. एकदा मनोहर मारता, मगे बाळो मारता. एकदा मेलो ता पुरा झाला नाय?''

झील म्हणजे मुलगे, घोव म्हणजे नवरा, आणि बाळो म्हणजे बाळा, म्हणजे दिलीप. मला हसू येत होतं.

''औंदा दोनय एकाच चौकोनात इलेत. मी क्यालेंडरात बघलंय. माका आता फुडली एकोणीस वर्सां वाट बघूक येवची नाय.'' मग तिने काठी टेबलाला टेकवली. ''माका एकच सांग. मी मेल्यार माझ्या फोटोखाली तरी दोघांची नावां एकत्र येतली काय? का माका पण दोनदा मारतले?''

मी खणाकडे बघितलं.

''दोघांका बोलव हय. कसा बोलवतलंस ता तू बघ,'' म्हणाली आणि पाणी मागितलं.

मी दोघांना वेगवेगळे फोन केले. ''मजकुरात अडचण आहे. शनिवारी अकराला या. सही लागेल.'' हे पण अर्धंच खरं, पण ह्या वेळी मला लाज वाटली नाही.

शनिवारी मनोहर आला, आईला बघून दचकला, पाया पडला. पाच मिनिटांनी दिलीप आला आणि दारातच थबकला. ''हे काय नाटक आहे, आये?'' आई म्हणाली, ''बस.'' दोघे बसले. मधे आई, काठी आडवी.

मी खणाचा कागद उचलला, तो फॉर्म काढला आणि दिलीपसमोर ठेवला. घरी आरशासमोर भाषण पाठ केलं होतं, त्यातलं काही आठवेना. ''हे तुमच्या दादांनी दिलेलं. तुमची ओळ ह्यात आहे. ती मी काढली. फोनवर खालून दुसरी म्हटलं, मोजायला चुकले. तुम्ही विचारायला आलात तेव्हा नोकरीच्या भीतीने तुमच्याशी खोटं बोलले. दादा तुम्हाला खरं सांगत होते.''

दिलीपने फॉर्म उचलला. मनोहरने त्या ओळीत आधी 'बाळा' लिहिलं होतं, मग जाहिरातीत घरचं नाव कसं चालेल म्हणून एक रेघ मारून पुढे 'दिलीप' लिहिलं होतं. दिलीपने त्या रेघेवर अंगठा ठेवला.

मला वाटलं, आता रडारड होईल, भाऊ भावाच्या गळ्यात पडेल. छे! दोघेही एकदम माझ्यावर उसळले.

''अठरा वर्षं? अठरा वर्षं गप्प बसलात?'' मनोहर ओरडला.

''मी तुम्हाला खाजं आणून द्यायचो, खाजं!'' दिलीप ओरडला.

''माझ्या मुलीच्या लग्नात हा आला नाही! तुमच्यामुळे!''

''ह्याच्या बायपासला मी गेलो नाही! हॉस्पिटलच्या खालपर्यंत गेलो आणि मागे फिरलो!''

''तू खाली आलेलास?'' मनोहर गर्रकन त्याच्याकडे वळला.

''हो रे. तीनदा.''

मनोहरने मधल्या आडव्या काठीवर हात ठेवला. मग पुन्हा माझ्याकडे वळून, पण पूर्वीपेक्षा हळू आवाजात म्हणाला, ''बघा, बघा काय केलंत ते.''

मी बघत होते. अठरा वर्षांनी दोन भाऊ एका बाजूने बोलत होते, आणि समोरच्या बाजूला मी होते. माझी जागा तीच होती. मी मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. कुठलंही वाक्य पुढे केलं नाही.

त्यांचा दम संपल्यावर आई मला म्हणाली, ''तू तेवाच सांगला असतंस तर तेंका भांडाक दुसरा कायतरी गावला असता. राऊळांचे झील ते.'' हे तिने माझ्यावर दया म्हणून म्हटलं. मी ते जपून ठेवलं आहे, पण मला ते पटलेलं नाही. नातीचं लग्न आणि हॉस्पिटलचा तो जिना काही परत येत नाही.

मग नवा फॉर्म भरायला बसलो. तिथी लिहायची की तारीख, ह्यावर दोघांनी सवयीने दहा मिनिटं वाद घातला. शेवटी दोन्ही लिहिल्या, माघ वद्य पंचमी, १७ फेब्रुवारी. कविता सातच नंबर हवी म्हणाले. मी म्हटलं, यमक जुळत नाही त्याचं. दिलीप म्हणाला, ''मॅडम, तुम्ही आता चुका दाखवू नका.'' नावांसाठी आईने बोट टेकवून जागा दाखवली, आणि दोन ओळींत नाही, एकाच ओळीत. प्रूफ मी स्वतः ऑफिसात जाऊन वाचलं, तरी सतराला पान उघडून आधी खालून मोजलं. मनोहर – दिलीप. मधे एक बारीकशी रेघ, जोडणारी.

इथे हा लेख संपायला हवा होता. पण त्या शनिवारी जाताना दिलीप दारातून परत फिरला होता.

''तुमच्यात चूक झाली की शुद्धिपत्र छापतात ना?''

''छापतात.''

''मग माझं कुठाय? गाववाल्यांनी, कंपनीतल्यांनी, सगळ्यांनी वाचलं होतं की दादाने माझं नाव कापलं. ते खोटं होतं, हे कुठे वाचणार ते?''

मी वर्तमानपत्राच्या ऑफिसात विचारलं. तिथला नवा पोरगा हसला. म्हणाला, ''आजी, एवढं जुनं नाही घेत.'' मग ह्या दिवाळी अंकाच्या संपादकांनी कामाच्या आठवणी लिहायला सांगितलं, आणि मी राऊळ बंधूंना विचारलं, नावं बदलू का? दोघे एकदमच म्हणाले, ''अजिबात नाही.'' म्हणून हा सगळा लेख. बाकीच्या गमती तुम्हाला इथपर्यंत आणण्यासाठी होत्या. आता मूळ मजकूर देते. मी स्वतःच्या हाताने लिहिला आहे, खाली सही केली आहे, आणि खालून, वरून, दोन्हीकडून मोजला आहे.

शुद्धिपत्र
कै. दत्ताराम (तात्या) राऊळ यांच्या प्रथम पुण्यस्मरणाच्या जाहिरातीत 'दिलीप – सौ. रंजना' ही ओळ छापली गेली नाही. मनोहर यांनी दिलेल्या मजकुरात ती होती. मनोहर खरं बोलत होते. चूक माझी.
– शुभांगी, घाटकोपर